थोराला लागलेलं बक्षीस

थोरा लेकवोल्डला जन्मात कधी काही लागलं नव्हतं. बिंगोला तिच्या डाव्या-उजव्या हाताच्या बायका जिंकायच्या, त्याही तिचीच पेन्सिल उसनी घेऊन. त्यामुळे अग्निशमन दलाच्या सोडतीत लॉयडनं पिंपात हात घालून पहिलं तिकीट काढलं आणि "थोरा लेकवोल्ड" असं वाचलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी थोरानंच मागे वळून बघितलं, की कोण बरं ही नशीबवान.

"अगं तूच," तिची बहीण मर्ना म्हणाली.

"मी?"

"गावात दुसरी थोरा आहे का? ऊठ आता."

ती उठली. उठताना हातातली कॉफी शेजारच्या माणसाच्या बुटात सांडली आणि माफी मागायची सोडून तिनं त्याच्या टकलाचा मुका घेतला. मग हसायला लागली. आता थोराचं हसणं म्हणजे साधंसुधं प्रकरण नाही. मासे गोळा करणाऱ्या बोटीवर वीस-बावीस वर्षं इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून खलाशांना जेवू घातलंय या बाईनं. ती हसली की धक्क्यावरचे सीगल उडतात. त्या दिवशीही उडाले.

बक्षीस टेबलावर चौकडीच्या ब्लँकेटवर मांडलेलं होतं. एका बाजूला कार्बाइन बंदूक, आखूड नळीची, अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्याची, चापाखालचा दांडा खाली ओढून वर केला की पुढची गोळी नळीत चढवणारी. दुसऱ्या बाजूला रिव्हॉल्व्हर, इतक्या मोठ्या तोंडाचं की थोराची करंगळी आत गेली असती. काडतूस दोन्हींना एकाच मापाचं. आमच्या हेरिंग हार्बरातला नियम असा, की पहिल्या तिकिटानं दोन्हींतलं एक उचलायचं आणि उरेल ते दुसऱ्या तिकिटाला. निवड सांगायची पुढच्या रविवारी, दलाच्या पॅनकेकच्या न्याहारीला. आठवड्याची मुदत कशाला, तर गावाला भांडायला वेळ मिळावा म्हणून. दुसरं काही कारण असेल तर ते अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

दुसरं तिकीट निघालं सिव्हर्ट मोईचं. सिव्हर्ट म्हणजे डिझेलच्या धक्क्यावरचा माणूस. लांब हातांचा, वाकून चालणारा, बोटींचे दोर झेलणारा आणि बोलण्याच्या बाबतीत भलताच कंजूष. लग्न केलं नाही, आणि का केलं नाहीस असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"तुला कुठलं हवंय रे?" लॉयडनं विचारलं.

"उरेल ते," सिव्हर्ट म्हणाला आणि खाली बसला.

"त्याला कसलं बक्षीस देताय?" थोरा टेबलापासून ओरडली. "आधी माझी बरणी परत कर म्हणावं."

सगळे हसले. सिव्हर्टचे कान लाल झाले.

बरणीचं सांगायलाच हवं. आमच्याकडे कुणी जॅम दिला की रिकामी बरणी धुऊन, पुसून, झाकणासकट परत करायची असते. परत केलीत तर पुढच्या वर्षीच्या जॅमच्या रांगेत तुमचा नंबर लागतो. नाही केलीत तर तुम्ही माणसातून उठलात. चर्चमध्ये डुलकी काढलेली चालते, होडी उसनी नेऊन खडकावर घातली तरी माणसं दोन वर्षांत विसरतात, पण बरणी ठेवून घेणारा म्हणजे अगदीच वाया गेलेला. सिव्हर्टनं थोराची बरणी ठेवून घेतली होती. चार वर्षं. थोरा दर वेळी डिझेल भरायला गेली की वल्ह्यानं धक्का ठोकून विचारायची, "बरणीचोर आहे का घरात?" आणि सिव्हर्ट निमूट नळी घेऊन यायचा.

बरणी शेवटची होती, म्हणून तिचा एवढा राग. त्यानंतर थोरानं जॅम केलाच नव्हता.

समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडे किटलीची खाडी आहे. तिथे थोराची एका खोलीची लाकडी झोपडी, मासे धुरावर वाळवायची छपरी, आणि मागच्या उतारावर निळ्या बेरींची झुडपं, माणसाच्या खांद्याइतकी उंच. तिचा नवरा हॉकन होता तोवर दोघं दर ऑगस्टमध्ये तिथे जात. बेरी पिकतात तेव्हाच ओढ्यात सॅमन मासे चढतात, आणि सॅमन चढले की अस्वलं उतरतात, दांडगी, तपकिरी, गाईपेक्षा मोठी. म्हणून काम वाटून घेतलेलं होतं. हॉकन बंदूक घेऊन पाठीशी उभा राहायचा आणि थोरा दोन्ही हातांनी जॅमसाठी बेरी ओरबाडायची. संध्याकाळपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत जांभळे, आणि हॉकन म्हणायचा, "चला, आज मी दमलो."

हॉकन एका हिवाळ्यात गेला. झोपेत, काही त्रास न देता, त्याच्या स्वभावाप्रमाणे. त्याची अवजड रायफल थोराच्या खांद्याला पेलवेना, ती तिनं पुतण्याला देऊन टाकली. त्या उन्हाळ्यात ती एकटीच खाडीला गेली, हातात पातेलं आणि पळी. वाजवलं की अस्वल पळतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. उतारावर जाऊन बघते तर तिच्या नेहमीच्या झुडपापाशी एक अस्वल बूड टेकून बसलेलं, फांदी तोंडात धरून बेरी ओरबाडून खातंय. थोरानं पातेलं वाजवलं. अस्वलानं मान वळवून बघितलं आणि पुन्हा फांदी धरली. थोरा पातेलं तिथेच ठेवून पाऊल पाऊल मागे सरकत होडीपर्यंत आली आणि होडीत बसून ढसाढसा रडली. अस्वलाला भिऊन नाही, असं ती अजून सांगते. आपली जागा गेली म्हणून. तेव्हापासून ती खाडीला फिरकली नव्हती. रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडचा किनारा मात्र बघायची.

आणि आता हे बक्षीस. या ऑगस्टला ती किटलीच्या खाडीला जाणार होती. फक्त काय घेऊन जायचं, तेवढं ठरायचं होतं.

सोमवारी सकाळी थोरा वेलदोड्याचे पाव भरलेली परात घेऊन दलाच्या शेडमध्ये हजर. बक्षिसं कुलपात होती, पण बघायला परवानगी होती.

"गुड मॉर्निंग, पोरींनो," ती दोन्ही बंदुकांना म्हणाली.

"थोराताई, कार्बाइनच घ्या," लॉयड पाव तोंडात कोंबून म्हणाला. लॉयड आमच्या दलाचा प्रमुख, एरवी नळदुरुस्ती करतो, आणि कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असतं. "खांद्याला टेकते, नेम धरता येतो. ते दुसरं म्हणजे हातात फटाका धरल्यासारखं. लांबच्या अस्वलाला काय लागणार त्यानं?"

"लांबच्या अस्वलाला गोळी घालायची कशाला?" दारातून विल्मा जॉर्ज म्हणाली. विल्माचं हार्डवेअरचं दुकान. तिचे पूर्वज या किनाऱ्यावर आमचे आजे-पणजे नॉर्वेहून यायच्या कितीतरी आधीपासूनचे, आणि अस्वलांची नातीगोती तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. "लांबचं अस्वल आपल्या कामात असतं. जवळचं आपल्या कामात नाक खुपसतं. थोरे, रिव्हॉल्व्हर घे. कमरेला राहतं. झोपडीत, होडीत, संडासात, कुठेही. कार्बाइन काय करशील? झाडाला टेकून ठेवशील आणि विसरशील."

"मी कशाला विसरीन?"

"परवा दुकानात तू तुझी पर्स विसरलीस. त्याच्या आधी मर्नाला विसरलीस."

"मर्ना चालत आली की घरी."

"कार्बाइन नाही येत चालत."

झालं, गाव दोन तटांत फुटलं. बेकरीत कार्बाइनवाले, बंदरावर रिव्हॉल्व्हरवाले. पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रवचनाआधी कुठलीही बाजू घ्यायला नकार दिला, पण जाताना हळूच थोराच्या कानात "कार्बाइन" म्हणाले. दंतवैद्य तिचं तोंड उघडं असतानाच रिव्हॉल्व्हरचे फायदे सांगत सुटला आणि तिला हूं हूं करण्यापलीकडे काही बोलता येईना. वाटेत भेटेल तो थांबवून विचारी, ठरलं का? थोराला इतकं महत्त्व सबंध आयुष्यात मिळालं नव्हतं आणि ती ते चवीचवीनं खात होती. मंगळवारी ती शंभर टक्के कार्बाइनची होती. बुधवारी दुपारपर्यंत रिव्हॉल्व्हरची. बुधवारी संध्याकाळी मर्नाच्या घरात झाडू खांद्याला लावून हॉलभर नाचली आणि तिनं दिवा फोडला.

"तू साठीची आहेस," मर्ना काचा गोळा करत म्हणाली.

"हो ना. आणि मला बंदूक लागलीय."

विल्माच म्हणाली, एवढा वाद कशाला, करून बघू. म्हणून शुक्रवारी दुपारी अर्धं गाव खडीच्या खाणीत जमलं. आमच्याकडे त्यासाठी एक प्लायवुडचं अस्वल आहे. शाळेच्या मुलांनी रंगवलेलं, त्यामुळे ते मनापासून हसतंय. ते घसरगाडीवर उभं करायचं, घसरगाडीला लांब दोर, दोर कप्पीवरून वळवून पिकअपला बांधायचा. पिकअप बाजूच्या रस्त्यानं पळाली की अस्वल खाणीच्या टोकाकडून थेट तुमच्या अंगावर येतं, आणि खऱ्या अस्वलाइतकंच जोरात येतं. पिकअप चालवायला सिव्हर्ट आपणहून पुढे झाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. बाकीच्यांच्या नंतर आलं.

आधी रिव्हॉल्व्हर. थोरानं दोन्ही हातांत धरलं, पाय फाकवले, जीभ दाताखाली. लॉयडनं रुमाल हलवला, पिकअप निघाली, अस्वल सुटलं. थोराचं उजवं मनगट मागे एकदा बोटीच्या दारात सापडून मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं, ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं. पहिला बार झाला. गोळी कुठे गेली देव जाणे. रिव्हॉल्व्हर डोक्यावर गेलं, टोपी मागे गेली आणि थोरा खाली, बुडावर. अस्वल हसत हसत आलं आणि तिच्या बुटांना टेकून थांबलं.

"दुखलं का?" विल्मा धावली.

थोरा हसत होती. इतकी, की तिला श्वास घेता येईना. "अगं बघ ना," ती अस्वलाकडे बोट दाखवून म्हणाली, "लाजतोय मेला."

आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा तेच, फक्त टोपी आधीच काढून ठेवली होती. मनगट सुजून पावासारखं झालं.

मग कार्बाइन. आणि काय सांगू, बाईनं कार्बाइन खांद्याला लावली आणि ती जणू तिचीच होती. बोटीवर भरली पातेली पेलून पेलून खांदे कसे झालेत ते बघायला हवं होतं. अस्वल सुटलं. बार, दांडा खाली-वर, बार, दांडा खाली-वर, बार. तीन भोकं, तिन्ही नाकावर. खाणीत टाळ्या पडल्या. लॉयड तर असा छाती काढून फिरायला लागला की जसं काही त्यानंच गोळ्या घातल्या.

"ठरलं मग," तो म्हणाला.

"थांब जरा," विल्मा म्हणाली. तिनं आपल्या गाडीतून दोन बादल्या आणल्या आणि थोराच्या दोन्ही हातांत दिल्या. "आता कार्बाइन कुठेय?"

थोरानं इकडे तिकडे बघितलं आणि कार्बाइन एका बुंध्याला टेकवली.

"हं. वाक. बेरी वेच. लॉयड, रुमाल."

थोरा वाकून खडे वेचायला लागली. पिकअप पळाली. थोरानं बादल्या टाकल्या, वळली, धावली, आणि तिचा हात बुंध्यापर्यंत पोचायच्या आत हसरं अस्वल तिच्या पाठीला येऊन भिडलं. पुन्हा केलं, बुंधा जवळ घेऊन. पुन्हा तेच. कार्बाइन पट्ट्यानं पाठीला लावून बघितली, तर वाकल्यावर ती घसरून पुढे आली आणि पट्ट्यात थोराचेच हात अडकले.

टाळ्या थांबल्या. कार्बाइनला दोन हात लागतात, बेरीला दोन हात लागतात, आणि थोराकडे दोनच. इतकी साधी गोष्ट, आणि आठवडाभर अख्खं गाव नळीच्या लांबीवरून भांडत होतं.

थोराचं हसू पहिल्यांदा मावळलं. बादल्या उचलून तिनं विल्माच्या गाडीत ठेवल्या, नीट एकीत एक घालून. सिव्हर्ट पिकअपमधून उतरून दोर गुंडाळत उभा होता. तिनं त्याला बरणीचं विचारलं नाही. तेव्हा तो दोर गुंडाळायचा थांबला आणि ती खाणीतून बाहेर पडेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.

शनिवारी ती घराबाहेर पडली नाही. मर्ना हेरिंग माशाचं लोणचं आणि उकडलेले बटाटे घेऊन गेली, तर थोरा खिडकीपाशी.

"कार्बाइन घे," मर्ना म्हणाली. "भिंतीवर टांग. बक्षीस ते बक्षीस."

"मला भिंतीवर टांगायला नकोय. मला खाडीला जायचंय."

"मग पुतण्याला घेऊन जा. उभा राहील बंदूक घेऊन."

"तो ट्रान्झिस्टर लावतो. आणि दर पाच मिनिटांनी विचारतो, झालं का." थोरानं बाहीनं खिडकीची काच पुसली. "मर्ने, मला वाटायचं हॉकन नुसता उभा राहायचा. मी त्याला म्हणायचे पण, की तुझं बरंय, मी राबते आणि तू हवा खातोस. असं म्हणायला नको होतं मी."

मर्नानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बटाटे गरम करायला उठली. तिलाही रडू येत होतं आणि आमच्याकडे दोन बहिणींनी एकदम रडायची पद्धत नाही.

रविवार. दलाच्या शेडमध्ये गाड्या बाहेर काढून लांब टेबलं मांडलेली. तव्यावर पॅनकेक, धूर, कॉफी, सिरपचे बुधले. टेबलावर ब्लँकेट, ब्लँकेटवर त्या दोघी. थोरा आली ती चांगला निळा स्वेटर घालून, चांदीची बक्कल लावून, पण कुणाशी फारसं बोलली नाही. पॅनकेक घेऊन कोपऱ्यात बसली. काय सांगायचं ते अजून तिचं तिलाच ठरलेलं नव्हतं.

समोरची खुर्ची सरकली. सिव्हर्ट. दाढी केलेली, केस ओले करून बसवलेले, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत. खिशातून त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं.

थोरानं कागद सोडला. तिची बरणी. तिच्याच अक्षरातली चिठ्ठी झाकणावर, शाई उडालेली. बरणी रिकामी नव्हती. तळाला दोन चमचे जॅम होता, कडांना साखर धरलेला.

"ही भरलेली आहे," थोरा म्हणाली.

"थोडी."

"चार वर्षं?"

सिव्हर्टनं कॉफीच्या कपात बघितलं. "नाताळला एक चमचा खायचो. संपली असती तर परत द्यावी लागली असती. आणि तू आता करणार नाहीस म्हणाली होतीस." एवढं बोलून त्याला घाम फुटला. "म्हणून संपवली नाही."

आजूबाजूच्या टेबलांवरचे काटे-चमचे थांबले. मर्नानं तर चक्क खुर्ची वळवून घेतली.

थोरा बरणीकडे बघत राहिली. मग तिनं चमचा घेतला, जॅम खरवडून काढला, एक चमचा आपल्या पॅनकेकवर, एक त्याच्या. "खा," ती म्हणाली. दोघांनी खाल्लं. जॅम दाताखाली कुरकुरत होता आणि जुना झाला होता आणि त्यात किटलीच्या खाडीचा सबंध उतार होता. थोराच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी पोटातून हसू यायला लागलं, दोन्ही एकदम, आणि काय आवरावं तिला कळेना.

सिव्हर्टनं बोटानं बरणी तिच्याकडे सरकवली. "आता रिकामी आहे."

"थोराताई," तव्यापाशी उभा राहून लॉयड ओरडला, "ठरलं का? पॅनकेक गार होतायत."

थोरा उठली. टेबलापाशी गेली.

"कार्बाइन," ती म्हणाली.

कार्बाइनवाल्यांनी टेबलं बडवली. विल्मानं मान हलवली. "आणि बादल्या कोण धरणार, बाई?"

"ते सांगतेय ना." थोरानं कार्बाइन डाव्या हातात घेतली, उजव्या, सुजक्या हातानं रिव्हॉल्व्हर दस्त्याकडून उचललं, पुन्हा आपल्या कोपऱ्यात आली आणि ते सिव्हर्टच्या ताटाशेजारी ठेवलं. "हे तुझं. कमरेला लावायचं. हात मोकळे राहतात, विल्मा म्हणते. बेरी तू वेचायच्या. मी पहारा करीन."

लॉयड उलथणं हातात धरून उभाच. त्याच्या मागे एक पॅनकेक करपला आणि त्याचा वास सगळ्यांना आला, पण कुणी हललं नाही.

"मला वेचता येत नाहीत," सिव्हर्ट म्हणाला. "माझ्याकडून पानंही येतात."

"पानं मी निवडीन. तुझे हात बघ केवढे आहेत, एका झुडपाला दोनदा घातलेस की बादली भरली."

"मी घोरतो."

हे ऐकून मर्नाच्या घशात कॉफी गेली. थोरानं पापणी हलवली नाही.

"अस्वलं जवळ येणार नाहीत मग," ती म्हणाली.

सिव्हर्टनं बराच वेळ विचार केला. किंवा केला नसेल, त्याला तेवढाच वेळ लागतो. मग म्हणाला, "गुरुवारी भरती कधी आहे?"

आमच्या गावात एवढं पुरतं. शेडमध्ये जो गोंगाट उठला तो मी सांगत बसत नाही. विल्मानं दुकानातून काडतुसांचा एक खोका आणून दोघांच्या मध्ये आपटला आणि म्हणाली, एकच देतेय, दोन्हींना तेच लागतं. पाद्रीबाबांनी सिव्हर्टचा हात इतका हलवला की त्यांनाच खांदा चोळावा लागला.

गुरुवारी भरतीला दोघं गेली. तो पुढे होडीच्या टोकाशी, ती मागे इंजिनापाशी, कारण होडी तिची. झोपडीचं दार ओलाव्यानं फुगलं होतं, ते सिव्हर्टनं खांद्यानं उघडलं. छपरीत पक्ष्यांनी घरटं केलं होतं. आणि उतारावर झुडपं, चार वर्षं कुणी न छाटलेली, निळ्या ओझ्यानं वाकलेली. जुनं पातेलंही सापडलं, गंजलेलं, आत चार वर्षांचं पावसाचं पाणी.

सिव्हर्टनं कमरेचं रिव्हॉल्व्हर मागे सारलं, बादल्या ठेवल्या आणि वाकला. थोरा दहा पावलं वर एका दगडावर उभी राहिली, कार्बाइन हातांच्या घडीत, हॉकन धरायचा तशी. ओढ्याच्या पलीकडच्या टोकाला एक अस्वल मासा फाडत बसलं होतं. त्यानं वर बघितलं. थोरानं दांडा खाली-वर केला, कडाक. अस्वलानं ऐकलं, विचार केला आणि मासा घेऊन झाडांत निघून गेलं. तिला इतका आनंद झाला की दगडावरच दोन उड्या मारल्या.

"काय झालं?" खालून सिव्हर्ट.

"काही नाही. वेच तू."

मग ती नुसती उभी राहिली. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं इथे येऊन तिनं खाडी बघितलीच नव्हती. बघितली होती ती झुडपं, पानं, आपले हात. इथून सगळं दिसत होतं. पाणी, पलीकडची बर्फाची रेघ, झोपडीचं छप्पर, गावाच्या बाजूचा धूर. ती झाडांकडे बघायची, ओढ्याकडे बघायची, आणि दर वेळी नजर पुन्हा खाली यायची, त्या वाकलेल्या पाठीवर, ठीक आहे ना म्हणून. पुन्हा झाडं, पुन्हा पाठ. कंटाळा येत नव्हता. खरं तर पाठीकडेच जास्त बघत होती.

हॉकन हेच करत होता तर. इतके ऑगस्ट, दिवसभर, हवा खात नव्हता तो. माझ्याकडे बघत होता, तिच्या मनात आलं, आणि ती दगडावर बसून मोठ्यानं रडायला आणि हसायला लागली. खाडीवरचे सीगल उडाले.

सिव्हर्ट कंबर धरून उभा राहिला. हात कोपरापर्यंत जांभळे, दाढीतही दोन बेरी.

"आता काय झालं?"

"पहारा करतेय," थोरा डोळे पुसत म्हणाली. "त्या डाव्या झुडपाला हात लावलेला नाहीस अजून."

तो पुन्हा वाकला. बादलीत निम्मी पानं होती.